दुचाकीवरचा मास्क: स्कार्फ, सर्जिकल, एन-९५ आणि नाकाजवळची फट

निकाल आधी, कारणं नंतर. रोज तासभर तरी रहदारीतून दुचाकी चालवणाऱ्याने डोक्यामागून दोन पट्ट्यांनी बसणारा, घडीचा, आयएसआय खुणेचा एफएफपी२ (साधारण एन-९५ च्याच दर्जाच्या गाळणीचा) मास्क घ्यावा. निऑश या अमेरिकी संस्थेची मान्यता असलेला एन-९५ मिळाला तर तोही चालेल. कानात अडकवायचा एन-९५ दुसऱ्या क्रमांकावर, आणि तोही चेहऱ्याला नीट बसला तरच. तीन थरांचा सर्जिकल मास्क धुरासाठी घेऊ नये. ‘अँटी-पोल्युशन’ असं छापलेले, धुवून वापरायचे कापडी मास्क दिसायला छान, कामाला हलके. आणि पुणेरी स्कार्फ? उन्हासाठी झकास, जाड धुळीसाठी ठीक, डिझेलच्या काजळीसाठी जवळजवळ निकामी.

हा क्रम गाळणीच्या टक्केवारीवरून लावलेला नाही. पाकिटावर ९५, ९८, ९९ असे आकडे असतात आणि गिऱ्हाईक तेच बघून मास्क उचलतं. पण श्वासातली बरीचशी हवा गाळणीतून जातच नाही. ती नाकाच्या दोन्ही बाजूंनी, गालांवरून, हनुवटीखालून आत शिरते. गाळणीत हवेला अडथळा असतो, फटीत नसतो. मग हवा फटीतूनच जाणार. म्हणून खाली प्रत्येक मास्क तपासताना कापडापेक्षा कडेकडे जास्त लक्ष दिलं आहे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बीजिंगच्या बाजारातले नऊ मास्क घेतले होते. आधी डिझेलच्या धुरावर नुसतं कापड तपासलं. त्यात सगळ्यात चांगल्या मास्कमधून अर्धा टक्काही कण पलीकडे गेले नाहीत, सगळ्यात वाईटातून २९ टक्के गेले. मग त्यातले चार मास्क माणसांच्या चेहऱ्यावर चढवले. आत पोहोचलेली काजळी सरासरी ३ टक्क्यांपासून थेट ६८ टक्क्यांपर्यंत निघाली. यंत्रावर पास झालेला मास्क चेहऱ्यावर नापास होतो, तो असा.

अडवायचं आहे ते काय

रस्त्यावरच्या धुळीचे दोन भाग करावेत. बांधकामाची, खड्ड्यांची, टायरखाली भरडली जाणारी धूळ बहुतेक जाड असते. ती नाकाच्या केसांत, घशात अडकते, खोकला-शिंका आणते, डोळे चुरचुरवते. त्रास लगेच कळतो म्हणून माणूस तिलाच घाबरतो. दुसरा भाग पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. ते फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात. इंजिनातून नुकताच बाहेर पडलेला धूर त्याहूनही बारीक असतो. त्यातले अनेक कण ०.१ मायक्रॉनच्या खालचे, आणि त्यांपैकी काही थेट रक्तात उतरू शकतात. हे कण खोकल्याने निघत नाहीत, नाकाला जाणवत नाहीत. दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट विकार) त्यांनी बळावतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मधुमेह, कमी वजनाची बाळं हेही त्याच यादीत आहे, हे कमी जणांना माहीत असतं. डिझेलचा धूर २०१२ साली आणि एकूण बाहेरचं वायुप्रदूषण २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निश्चित कर्करोगकारक गटात टाकलं.

काळ्या धुराचा परिणाम वर्षानुवर्षांनीच दिसतो असंही नाही. २००७ साली छापून आलेल्या एका प्रयोगात, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांना तासभर विरळ केलेला डिझेलचा धूर, घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम इतका, दिला आणि मधूनमधून सायकल चालवायला लावली. स्वच्छ हवेच्या दिवशीपेक्षा धुराच्या दिवशी ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा जास्त दिसल्या. पुढे २०११ च्या प्रयोगात त्याच प्रकारच्या धुरातले कण आधीच गाळून घेतले, तेव्हा रक्तवाहिन्यांवरचा वाईट परिणाम टळला. मास्कवर पैसे खर्च करायला आधार आहे तो इथे: दोष मुख्यतः कणांचा आहे, आणि कण अडवता येतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बीजिंगमध्ये हृदयरोगाच्या ९८ रुग्णांना एकदा मास्क लावून आणि एकदा न लावता शहरातून दोन तास चालायला लावलं होतं. मास्कच्या दिवशी त्यांचा रक्तदाब थोडा कमी राहिला आणि ईसीजीतल्या खुणाही कमी झाल्या.

आता मास्कची मर्यादाही आकड्यांत बघावी, म्हणजे जाहिरातीला भुलायला होत नाही. समजा गाडीवर तासभर, मिनिटाला १२ लिटर हवा, रस्त्यावर पीएम २.५ घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम. तासाला ०.७२ घनमीटर हवा, म्हणजे १०८ मायक्रोग्रॅम कण आत. उरलेले २३ तास घरात आणि ऑफिसात, मिनिटाला ८ लिटर, हवेत ४० मायक्रोग्रॅम: साधारण ४४२. दिवसाचा एकूण हिशेब ५५०. त्यात रस्त्याचा वाटा पाचवा हिस्सा. नीट बसलेला मास्क दहातले नऊ कण अडवतो असं धरलं तर दिवसभराचा भार सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो. कडेने गळणारा, ४० टक्के आत सोडणारा एन-९५ असेल तर १२ टक्के. एक चतुर्थांश अडवणारं कापड असेल तर जेमतेम ५ टक्के. प्रवास दोन तासांचा झाला की रस्त्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्याही वर जातो आणि चांगल्या मास्कचा फायदा त्याच प्रमाणात वाढतो. डिलिव्हरीची मुलं, रिक्षावाले, चौकातले वाहतूक पोलीस यांचा हिशेब तर पूर्ण पाळीचा. दहा मिनिटांच्या प्रवासासाठी मात्र इतका आटापिटा नको. त्यापेक्षा घरातली उदबत्ती-धूप आणि फोडणीच्या वेळचा बंद एक्झॉस्ट फॅन याकडे बघितलं तर जास्त पदरात पडेल.

स्कार्फ आणि ओढणी

सुती कापडाच्या विणीतली भोकं कणांच्या मानाने प्रचंड मोठी असतात. तीन-चार घड्या केल्या तरी भोकं पूर्ण झाकली जात नाहीत, उलट श्वासाला अडथळा वाढून हवा नाकाजवळून आत यायला लागते. ओला रुमाल बांधल्याने गाळण सुधारते हा समज आहे. प्रत्यक्षात ओलं कापड हवा कमी सोडतं आणि फटीतून गळती वाढवतं.

स्कार्फ सोडावा असं मात्र नाही. ऊन, केस, गाडीवरचा वारा यांसाठी तो लागतोच. फक्त क्रम पाळावा: आधी मास्क थेट त्वचेवर, मग त्यावर स्कार्फ, तोही मास्क ओढला जाणार नाही इतका सैल. शहरात सर्रास उलटं दिसतं, स्कार्फ बांधून त्याच्यावर एन-९५. मास्कची कड कापडावर टेकली की सील संपलं; त्या मास्कचे पैसे गेलेच समजा.

सर्जिकल मास्क

पाकिटावर ‘९८ टक्के’ किंवा ‘९९ टक्के’ असतं, आणि ते खोटं नसतं. पण तो आकडा जिवाणू अडवण्याच्या चाचणीचा आहे, आणि त्या चाचणीतले थेंब सरासरी ३ मायक्रॉनचे असतात. डिझेलची काजळी त्याहून कितीतरी बारीक. शिवाय हा मास्क बनवलाय तो शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या तोंडातले थेंब रुग्णावर पडू नयेत म्हणून, बाहेरची हवा गाळण्यासाठी नव्हे. गालांशी उघड्या घड्या राहतात आणि गाडीच्या वाऱ्यात त्या फडफडतात. दवाखान्यात जाताना लावा, सिग्नलवर त्याचा भरवसा धरू नका.

धुवून वापरायचे फॅशनेबल मास्क

यात दोन जाती. एकात गाळणीचा थर शिवूनच टाकलेला असतो आणि तरी ‘३० वेळा धुवा’ असं लिहिलेलं असतं. एन-९५ सारख्या गाळणीचा जीव तिच्यातल्या स्थिर विद्युतभारात असतो. आतला मेल्टब्लोन पॉलिप्रॉपिलीनचा (वितळलेल्या प्लास्टिकच्या अतिबारीक धाग्यांचा) थर बनवतानाच भारित केलेला असतो, आणि बारीक कण विणीत अडकण्यापेक्षा या भारामुळे धाग्याला जास्त चिकटतात. म्हणून तर इतक्या पातळ थरातून श्वास सहज घेता येतो. साबण किंवा सॅनिटायझरचं अल्कोहोल लागलं की हा भार जातो. मास्क दिसतो तसाच, श्वासही येतो तसाच, गाळण मात्र निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते आणि वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही.

दुसऱ्या जातीत कापडी कव्हर धुता येतं आणि आतली गाळणीची चकती बदलता येते. कल्पना चांगली. पण बहुतेकांत चकती खिशात सैल बसते आणि हवा तिला वळसा घालून जाते. घ्यायचाच असेल तर चकती चारी बाजूंनी दाबून बसते का हे दुकानातच उघडून बघावं, आणि वर्षभराने तीच चकती मिळेल का हेही विचारावं.

कार्बनचा थर हे या मास्कांचं आणखी एक आकर्षण. पातळ कापडात कार्बन असून असून किती असणार? थोडा वेळ वास कमी करतो, मग भरून जातो. गिलावा, रंग, गटार यांच्या वासाने मळमळणाऱ्याला बरं वाटेल. त्याने नायट्रोजन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड अडतो असं समजू नये.

एन-९५, एफएफपी२, केएन९५

तिन्ही नावं साधारण एकाच दर्जाच्या गाळणीची. एन-९५ ही निऑशची खूण: ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे मिठाचे कण मिनिटाला ८५ लिटर हवेबरोबर सोडले तरी किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. ८५ लिटर म्हणजे दमछाक होईल इतका श्वास. गाडीवर बसलेल्या माणसाची हवा त्याच्या कितीतरी कमी, त्यामुळे गाळणीवर ताण येत नाही. एफएफपी२ ची गाळण किमान ९४ टक्के, आणि त्याच्या मानकात एक जास्तीची अट आहे: माणसाच्या चेहऱ्यावर बसवून एकूण गळती ८ टक्क्यांच्या आत. भारतीय मानक आयएस ९४७३ याच पद्धतीचं, एफएफपी१, २ आणि ३ असे वर्ग करणारं. म्हणूनच आपल्याकडे नुसत्या ‘एन-९५’ या छापापेक्षा आयएसआय खूण आणि एफएफपी२ ही अक्षरं जास्त मोलाची. केएन९५ हे चिनी मानक. मास्क बहुतेक कानात अडकवायचे.

कान की डोकं, हा खरा प्रश्न. कानातल्या इलॅस्टिकला ओढ कमी ठेवावी लागते, नाहीतर अर्ध्या तासात कानामागे ठणकायला लागतं; आणि ओढ कमी म्हणजे कड सैल. डोक्यामागच्या दोन पट्ट्यांत वरची डोक्याच्या मागच्या उंच भागावर आणि खालची कानांखालून मानेवर येते, त्यामुळे दाब सगळ्या कडेवर सारखा पडतो. निऑशची मान्यता असलेले मास्क जवळजवळ सगळेच असे दोन पट्ट्यांचे असतात. कानात अडकवायच्या मास्कवर निऑशचं नाव दिसलं तर संशय घ्यावा. कानातला मास्क आधीच घेऊन ठेवला असेल तर मानेमागे दोन्ही इलॅस्टिक जोडणारा प्लास्टिकचा हूक मिळतो. अगदी स्वस्त वस्तू, आणि फरक चांगलाच पडतो.

आकार कोणता? वाटीसारखा कडक मास्क (थ्रीएमचा ८२१० हा त्यातला जुना आणि भरवशाचा) चेहऱ्यावर उत्तम बसतो, तोंडाला चिकटत नाही, बोलता येतं. पण फुल-फेस हेल्मेटमध्ये हनुवटीच्या भागाला आपटून तो चेपतो आणि कड उचलली जाते. हाफ हेल्मेट घालणाऱ्यांनी आणि रिक्षा चालवणाऱ्यांनी वाटीचा घ्यावा, फुल-फेसवाल्यांनी घडीचा. घडीच्यातही उभी शिवण नाकावरून जाणारा आणि तीन आडव्या भागांचा असे दोन प्रकार येतात. लांबट चेहऱ्याला आणि बोलताना जबडा जास्त हलणाऱ्याला आडव्या भागांचा सहसा बरा.

व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या झडपेबद्दल, २०२० पासून एक गैरसमज घट्ट बसलाय. केंद्राने तेव्हा व्हॉल्व्हचे मास्क वापरू नका असं सांगितलं, कारण उच्छ्वास न गाळता बाहेर जातो आणि विषाणू पसरू शकतो. प्रदूषणाला ते कारण लागू नाही. आत येणारी हवा गाळूनच येते, आणि एप्रिलच्या उकाड्यात आतली वाफ बाहेर गेल्याने मास्क तोंडावर राहतो हा मोठा फायदा. फक्त व्हॉल्व्हची रबरी पापणी तपासावी: जोरात श्वास आत घेतल्यावर ती घट्ट बंद होऊन मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. केस किंवा धुळीचा खडा अडकला तर पापणी अर्धवट उघडी राहते आणि ते भोक कोणत्याही फटीहून मोठं असतं.

चढवायची रीत

हेल्मेटच्या आधी मास्क. तळहातात मास्क धरून हनुवटी आत घालावी, मग वरची पट्टी, मग खालची. पट्ट्या एकमेकींवर ओलांडू देऊ नयेत, ओलांडल्या की कडेला चुणी पडते. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यावी. एका हाताने चिमटा काढला तर नाकाच्या दांड्यावर टोक उभं राहतं आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणी फटी उरतात; सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मग दोन्ही तळवे मास्कवर अलगद ठेवून जोरात उच्छ्वास सोडावा. डोळ्यांकडे हवा लागली तर नाकाची पट्टी पुन्हा बसवावी, गालाला लागली तर पट्ट्या मागे सरकवाव्यात. व्हॉल्व्हच्या मास्कला ही तपासणी श्वास आत घेऊन करायची.

हेल्मेट घातल्यावर पुन्हा एकदा बघावं, कारण आतल्या गादीने गाल पुढे ढकलले जातात आणि जमलेलं बिघडतं. थंडीत सकाळी चष्मा किंवा हेल्मेटची काच सतत धुरकट होत असेल तर वरून गळती आहे हे नक्की. तो फुकटात मिळालेला मीटर आहे. सिग्नलला मास्क हनुवटीवर ओढणारे बरेच दिसतात, कुणी फोनसाठी, कुणी पिंक टाकायला. समोरच्या बसचा धूर नेमका तिथेच सगळ्यात दाट, आणि खाली ओढलेल्या मास्कची आतली बाजू तोच धूर गोळा करून परत तोंडावर येते.

दाढीबद्दल कटू सत्य: कडेखाली दाढी असेल तर कोणताही एफएफपी२ काम करत नाही. दोन-तीन दिवसांची खुंटंही सील बिघडवतात. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर हरकत नाही.

किती दिवस वापरायचा

‘आठ तास वापरा आणि फेका’ हा नियम दवाखान्यासाठी आणि कारखान्यासाठी आहे, जंतू किंवा प्रचंड धूळ असते तिथे. रस्त्यावर तो लावला तर उगाच खर्च. निऑशच्या चाचणीत गाळणीवर २०० मिलिग्रॅम मीठ बसवतात आणि तेवढं झाल्यावरही ती ९५ टक्क्यांच्या खाली उतरता कामा नये. वरच्या हिशेबाने तासाला १०८ मायक्रोग्रॅम धरले तर २०० मिलिग्रॅम जमायला १,८०० हून जास्त तास लागतील. म्हणजे तुमचा मास्क धुळीने तुंबण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्याच कारणांनी संपतो: इलॅस्टिक ढिलं पडतं, नाकाची पट्टी वाकवून वाकवून तुटते, घामाने आतला थर लोळा होतो. काजळीतला तेलकटपणाही भार थोडाथोडा कमी करतो. ‘एन’ वर्गाची गाळणी तेलकट कणांसाठी नसतेच. रोज तासाभराच्या वापराला दोन ते तीन आठवडे, हा आमच्या मते योग्य मेळ. बाहेरचा थर काळपट झाला म्हणून घाबरू नये, आतली कड काळी दिसली तर मात्र मास्क त्या जागी गळतोय असं समजून बसवण्याची रीत सुधारावी.

दोन मास्क आलटून पालटून वापरावेत, म्हणजे एक पूर्ण वाळतो. ठेवायला कागदी पाकीट. प्लास्टिकच्या पिशवीत घाम आतच राहतो आणि वास मारायला लागतो. गाडीच्या डिकीत ठेवू नये, उन्हात तिथली उष्णता इलॅस्टिक खाते. धुणं, इस्त्री, सॅनिटायझरचा फवारा, तिन्ही वर्ज्य.

खरा-खोटा ओळखताना

मेणबत्ती फुंकून विझत नाही म्हणजे मास्क खरा, ही चाचणी निरर्थक आहे. जाड प्लास्टिकही मेणबत्ती वाचवतं. पाणी ओतून थांबतं का बघणं तसंच, स्वस्तातलं स्पनबॉन्ड (साधं, न विणलेलं प्लास्टिकच्या धाग्यांचं) कापडही पाणी धरतं. आणि उदबत्तीचा वास आला म्हणून मास्क नकली ठरवणारे तर घरोघरी. वास वायूंचा असतो, कणांचा नाही. अस्सल एन-९५ मधूनही वास येणारच.

बघायचं ते असं. मास्कवर आयएसआय खूण, आयएस ९४७३, एफएफपी२ आणि ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून उत्पादकाचं नाव आणि मानक जुळतं का ते पाहता येतं. निऑशचा असेल तर ‘टीसी-८४ए’ ने सुरू होणारा क्रमांक. दहाच्या पाकिटातला एक बळी देऊन कापावा: मधला थर पांढरा, मऊ, न विणलेला आणि बाहेरच्या थरांहून दाट असला पाहिजे, ताजा असेल तर कागदाचे बारीक कपटे त्याला चिकटतात. मधला थरच नसेल तर पाकीट परत करावं.

मेडिकलमध्ये बहुधा कानातलेच मिळतात. डोक्यामागच्या पट्ट्यांचे हवे असतील तर औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणारी दुकानं गाठावीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटचा आणि पुण्यात बोहरी आळीचा परिसर अशा मालासाठी बरा. डबा घेतला तर नगाचा भाव चांगलाच उतरतो. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने हवा एरवीपेक्षा बरीच स्वच्छ असते आणि भिजलेला मास्क तसाही निकामी, तेव्हा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्या सहा महिन्यांना माणशी नऊ ते तेरा मास्क पुरतात.

वरच्या पायरीवरचा: रबरी हाफ मास्क

थ्रीएमच्या ६२०० सारखा रबरी मास्क आणि त्याला फिरवून लावायच्या २०९१ या पी१०० चकत्या. ही गाळणी ९९.९७ टक्क्यांची, तेलकट कणही अडवणारी. रबरी कड त्वचेवर घट्ट बसते, चकत्या महिनोन् महिने जातात, मास्कचं रबर ओल्या फडक्याने पुसता येतं. ६१०० लहान, ६२०० मध्यम, ६३०० मोठा. भारतीय बायकांच्या बऱ्याच चेहऱ्यांना लहान लागतो, आणि दुकानदार सगळ्यांना मध्यमच देतो. अडचण हेल्मेटची: फुल-फेसमध्ये हा बसतच नाही. बोललेलं समोरच्याला कळत नाही, आणि चेहऱ्यावर डुकराचं थोबाड चढवल्यासारखं दिसतं हे लपवण्यात अर्थ नाही. चौकात उभं राहून काम करणारे, बांधकामावर काँक्रीट कापणारे, झाडू मारणारे यांच्यासाठी मात्र हाच सगळ्यात परवडणारा पर्याय. दगड-काँक्रीटच्या धुळीतल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, तिथे कापडी फडक्यावर भागवणं हा गुन्हा आहे.

कुणी जपून

मास्कने श्वासाला थोडा अडथळा येतोच. सीओपीडी, हृदय कमकुवत असलेले, आणि शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारून, आधी घरात बसल्या जागी १५-२० मिनिटं लावून बघावा. गाडीवर चक्कर, छातीत दडपण वाटलं तर गाडी कडेला घेऊन आधी मास्क काढावा. दम्याच्या रुग्णाने मास्क आहे म्हणून रिलिव्हर पंप (दम लागल्यावर लगेच ओढायचा) घरी ठेवू नये: नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन हे दोन्ही श्वासनलिका आवळणारे वायू कोणत्याही एफएफपी२ मधून आरपार जातात. त्यांच्यावर इलाज रस्त्यावरचाच. सिग्नलला बस-ट्रकच्या धुराड्यामागे न थांबता बाजूला किंवा पुढे उभं राहायचं. मुख्य रस्त्याला समांतर गल्ली असेल तर दोन मिनिटं जास्त गेली तरी ती धरायची, कारण मोठ्या रस्त्यापासून आत वळलं की काजळी भराभर कमी होते. हिवाळ्यात पहाटेची हवा शुद्ध असते हेही डोक्यातून काढावं. थंड हवेचा थर जमिनीलगत बसलेला असतो आणि सकाळच्या गर्दीचा धूर त्यातच कोंडतो.

मुलांसाठी बाजारात कार्टूनचे एन-९५ आहेत. निऑश मुलांसाठी कोणत्याही मास्कला मान्यता देत नाही, आणि मोठ्यांचा मास्क लहान चेहऱ्यावर बसत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला तर मास्क लावूच नये, गुदमरण्याचा धोका असतो. शाळेत दुचाकीवरून पुढे उभं करून न्यायच्या मुलाला मास्क शोधत बसण्यापेक्षा मागे बसवावं आणि गल्लीतून न्यावं.